रेणुकादास सरांची सात ट्रॉली माती

अहमदपूरच्या ज्या गल्लीत रेणुकादास सर राहतात, तेथे गेल्या एकतीस वर्षांत एकही पाया, हौद किंवा ओटा त्यांच्या चिठ्ठीशिवाय उभा राहिलेला नाही. गणिताचे हे निवृत्त शिक्षक लांबी, रुंदी, खोली ऐकून घेतात, सदऱ्याच्या खिशातला खडू काढून कंपाउंडच्या भिंतीवर हिशेब मांडतात आणि किती ब्रास वाळू, किती ब्रास खडी लागेल ते लिहून देतात. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, साधारण ट्रॅक्टरची एक ट्रॉली. मात्र आकड्याविषयी शंका त्यांना खपत नाही. वर्गात शंका काढणाऱ्याला फळ्यापाशी जाऊन ती सिद्ध करावी लागे. त्यामुळे शंका फारशा निघत नसत.

सरांच्या पत्नी लताबाईंना दारापुढे गुलाब लावायचे होते. वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद वाफा, नऊ इंच लाल माती: दोनशे पंचवीस घनफूट, म्हणजे सव्वादोन ब्रास. सर एवढ्यावर थांबते तर हे लिहिण्याचे कारण उरले नसते. परंतु घरचे काम म्हणून त्यांनी अधिक काटेकोरपणे घनमीटरही काढले, ६.३७ खाली दोन रेघा ओढल्या आणि चिठ्ठीवर उतरवताना एकतीस वर्षांच्या सवयीने हाताने पुढे लिहिले: ब्रास.

दुसऱ्या दिवशी दुपारी नांदेडहून गुलाबाची रोपे घेऊन सर रिक्षातून उतरले, तेव्हा त्यांचे फाटक दिसत नव्हते. लाल डोंगर खिडकीच्या गजांपर्यंत चढला होता आणि गजांमागे लताबाई होत्या.

"अहो, दार उघडत नाही!" त्या ओरडल्या. "मी अकरा वाजल्यापासून आत आहे, आणि हा अजून ओततोच आहे!"

सातव्या ट्रॉलीवर माती पुरवणारा संगप्पा उभा होता. सरांचाच जुना विद्यार्थी. ट्रॉलीच्या आत त्याने सुतळी ताणून खूण केली होती आणि माती तिच्या वर कणभरही नव्हती.

"सर, सहा भरून, अन् ही सातवी शून्य पूर्णांक सदतीस. मोजून आणलीय."

"अरे, एवढ्याशा वाफ्याला सात ट्रॉली? तुला शंका आली नाही?"

"लई आली, सर. तिसऱ्या ट्रॉलीलाच आली. पण तुमच्या आकड्यावर शंका काढायची म्हंजे फळ्यापाशी जावं लागतंय."

गल्ली हसून लोटपोट झाली. एकटे शेजारचे भीमाशंकर हसले नाहीत. त्यांच्या घराचा स्लॅब उद्या सकाळी होता, आणि तो सरांच्याच चिठ्ठीवर.

"सर," ते चाचरत म्हणाले, "आमचंबी असंच नसंल ना झालं?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न प्रथमच विचारला गेला होता. सरांनी खडू काढला, क्षणभर पाहिला आणि संगप्पापुढे धरला.

"जा फळ्यापाशी."

संगप्पा ढिगावरून घसरत भिंतीपाशी पोचला. भीमाशंकरांनी मापे सांगितली. तीस बाय वीस फूट, जाडी पाच इंच: अडीचशे. ओल्या काँक्रीटवरून कोरड्या मालाचे माप काढायला १.५४ ने गुणून तीनशे पंच्याऐंशी. एक भाग सिमेंट, दीड वाळू, तीन खडी. अख्खी गल्ली त्याच्या मागे ओठ हलवत भागाकार करत होती. वाळू १.०५, खडी २.१०. भीमाशंकरांनी आपली चिठ्ठी उघडली. तेच आकडे!

शिट्ट्या वाजल्या. भीमाशंकरांनी संगप्पाला उचलले आणि दोघेही मातीत बसले.

"थांबा," सर म्हणाले. "उत्तरापुढे एकक लिहिलेलं नाही. अर्धा गुण वजा."

"सर, ब्रासच की वो!"

"गृहीत धरायचं नसतं. ते आजच सिद्ध झालं आहे."

खिडकीतून आवाज आला, "आणि ज्यांनी चुकीचं एकक लिहिलं, त्यांना किती?"

सरांनी खडू परत घेतला, भिंतीवर एक सुबक शून्य काढले आणि खाली सही केली. मग घमेले घेऊन ते दाराकडे निघाले.

उरलेली चार ब्रास माती संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या वाफ्यांत आणि कुंड्यांत पोचली. दुसऱ्या दिवशी भीमाशंकरांचा स्लॅब झाला. शेवटी तीन घमेली खडी उरली. आता सरांच्या प्रत्येक चिठ्ठीवर दोन सह्या असतात, आणि दुसरी सही करणारा संगप्पा एकक आधी वाचतो, आकडा नंतर.