गुरुजींच्या खिशातलं बुश

मंडळी, आज माझ्या हातनं लई वाईट काम झालं.

येडशीत माझं गॅरेज हाय. एका रिटायर गुरुजींची निजामाच्या काळातली मोटारसायकल दुरुस्तीला आलीय. सकाळी इंजिन खोललं, तर पिस्टनच्या पिनेचं बुश, म्हंजी पिनेवर बसणारी धातूची बारकी कडी, पार झिजलेलं, हातानं घडवलेलं, ओबडधोबड. कुण्या अडाण्याचं काम म्हणून म्या ते भंगारात फेकलं. तासाभरात भंगारवाला पोतं घेऊन गेला.

दुपारी गुरुजी आले. "जुनं बुश ठेवलंस नव्हं? त्या वक्ताला सामान कुठं मिळायचं! वडलांनी आमच्या बैलाच्या गळ्यातली घंटा वितळवून ते ओतलं होतं."

मला खरं बोलायचं धाडस झालं न्हाय. दुसऱ्या गाडीचं झिजलेलं बुश ड्रॉवरमधून काढलं, पुसलं आन् त्यांच्या हातावर ठेवलं.

गुरुजींनी त्याला नखानं टिचकी मारली, कानाशी धरलं. "झिजून आवाज गेला बघ घंटेचा," म्हणाले आन् रुमालात बांधून खिशात ठेवलं.

ते गेल्यावर भंगारवाल्याकडं पळालो. माल आधीच ट्रकमधून गेला होता.

उद्या गुरुजी गाडी न्यायला येतील. तुमीच सांगा, खरं सांगून तो रुमाल सोडायला लावू, का गप बसू?