हिरा कुणाला लाभला

माझ्या साखरपुड्याची अंगठी बघायला मी नांदेडहून लातूरला गेले, पण अंगठी घ्यायला गेले नव्हते. सूड घ्यायला गेले होते. हे आधीच सांगून टाकते. आमच्या घरातून पत्रकं निघायची, आणि पत्रकाचा पहिला नियम असा की म्हणणं वरच्या ओळीत यावं.

पत्रकं वडील काढायचे, नोकरी सांभाळून. हुंड्याविरुद्ध, अंगात येणाऱ्या बुवांविरुद्ध, पत्रिका जुळवण्याविरुद्ध. शाळा सुटली की ताई आणि मी गठ्ठा पुढ्यात घेऊन बसायचो. ती घडी घालायची, मी नखानं घडी दाबायची. मग वडील आम्हाला घेऊन वजिराबादच्या चौकात उभे राहायचे. एकदा एका माणसानं आमच्या डोळ्यांदेखत त्याच पत्रकावर भजी घेतली. मला रडू आलं. वडील म्हणाले, "खाताना तरी वाचेल."

अशा घरातल्या मुलीचं लग्न एका हिऱ्यापायी मोडलं.

ताई माझ्याहून बरीच मोठी. तिला स्थळ आलं लातूरच्या सराफाचं, गंजगोलाईजवळ दुकान. मुलगा शिकलेला, हुंडा नको म्हणाला. वडिलांना तेवढं पुरलं. त्यांच्या घरात एक रीत होती. सुनेच्या अंगठीचा हिरा आधी सुटा पाठवायचा, तो मुलीनं काही रात्री उशाशी ठेवायचा. त्या दिवसांत दोन्ही घरी सगळं नीट राहिलं तर हिरा लाभला, मगच तो कोंदणात बसवायचा. वडिलांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण म्हणाले, "चार रात्रींसाठी कशाला वाद?" त्यांच्या आयुष्यातली ही सगळ्यात महागात पडलेली तडजोड.

लाल कपड्यात गुंडाळलेला हिरा आला. थेंबाच्या आकाराचा, एका बाजूनं गोल, दुसऱ्या बाजूला टोक. ताई रोज झोपताना तो तळहातावर घेऊन बघायची. टोकाजवळ खसखशीच्या दाण्याएवढा काळा ठिपका होता. सराफाच्या घरून आलेला हिरा, आणि तोही डागी! मी म्हटलं तर ताईनं मला गप्प केलं. तिला तो आवडला होता, ठिपक्यासकट.

तिकडं लातुरात मुलाची आई न्हाणीघरात घसरली. उजवं मनगट मोडलं.

मध्यस्थाबरोबर निरोप आला, "हिरा आमचा खानदानी हाय. पोरीलाच लाभला न्हाई." मध्यस्थानं हिरा परत नेला. मुलानं एक फोनसुद्धा केला नाही. वर्षाच्या आत त्याचं दुसरीकडं लग्न झालं.

मी तेव्हा शाळेत होते. मी वहीच्या कागदावर पत्रक लिहिलं, त्या घराचं नाव मोठ्या अक्षरात घालून. वडिलांनी ते वाचलं आणि परत दिलं. "विचारावर लिहायचं. माणसाचं नाव घ्यायचं नाही." मी तो नियम आजही पाळतेय. या लेखात कुणाचं नाव नाही.

ताईनं पुढं लग्न केलं नाही, तो तिचा निर्णय. ती कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि मजेत राहते. पण नातेवाइकांनी निरोपाचा अर्थ पक्का धरून ठेवला होता. कुणाच्या साखरपुड्यात ताई ताट उचलायला पुढं झाली की कुणीतरी हळूच म्हणायचं, "तू बस गं, दमली असशील." होता होता ती पुढं व्हायची थांबली.

माझं लग्न ठरलं ते मीच ठरवलेल्या मुलाशी. आम्ही नोंदणी पद्धतीनं करणार होतो, अंगठ्या वगैरे काही नाही. आई म्हणाली, निदान घरातल्या घरात साखरपुडा करा. त्यासाठी लोह्याची आत्या आली, आणि आल्या आल्या तिनं व्यवस्था लावायला घेतली.

"आन् एक सांगून ठेवते. ताटाला थोरलीचा हात लागू देऊ नका. ल्हानीचं चांगलं व्हावं म्हणून सांगून राहिले, मला काय त्यात?"

ताई चहा घेऊन दारातच उभी होती. कप खाली ठेवत म्हणाली, "बरोबर आहे आत्या. मी फोटो काढीन."

तिचा तो शहाणा, सवयीचा आवाज ऐकला आणि माझ्या डोक्यात भडका उडाला. मी म्हटलं, "मला हिऱ्याची अंगठी पाहिजे. आणि बघायला लातूरला जायचं. ताईपण येणार."

होणारा नवरा माझ्याकडं बघतच राहिला. "तू तर अंगठीच घालणार नव्हतीस."

"आता घालणार."

रणरणत्या उन्हात आम्ही लातुरात उतरलो. ताईनं तोंडाला स्कार्फ बांधलेला होता, तो दुकानातही सोडला नाही. सोडणार नाही याच अटीवर ती आली होती. लग्नसराई, दुकान भरलेलं. काउंटरवर तोच होता, ताईचं ज्याच्याशी ठरलं होतं तो, आता पोट सुटलेलं. आतल्या गादीवर त्याची आई, कपाळाला भस्म, येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर. मला दोघांनीही ओळखलं नाही.

"बोला मॅडम, कोणता आकार?"

"मला त्यातलं काही कळत नाही. सगळे दाखवा."

त्यानं दाखवले. गोल घ्या, सगळ्यांत जास्त चमकतो. चौकोनी आजकाल मुली मागतात. लांबट अंडाकृतीत बोट नाजूक दिसतं. मग बसवण्याचे प्रकार. चार नख्यांत हिरा जास्त उघडा राहतो, सहा नख्यांत घट्ट बसतो, बंद कोंदणात चहूबाजूंनी सोन्याची कड येते. तो चांगलं समजावत होता, हे कबूल. मी प्रत्येक अंगठी बोटात घातली आणि प्रत्येकीला नाक मुरडलं. नवरा घड्याळ बघायला लागला तेव्हा मी विचारलं, जरा मोठ्यानं, "पण हिरा लाभतो का, ते आधी बघावं लागतं म्हणे? उशाशी ठेवून?"

शेजारी एक बाई मुलीला घेऊन बसल्या होत्या. त्या लगेच वळल्या. "हाव, आमच्यातबी बघतेत. मीबी तेच इचारणार होते."

दोन गिऱ्हाइकं हातची जाणार म्हटल्यावर तो हसला, हात जोडून. "काकू, आजच्या जमान्यात कोण मानतं? हिरा म्हणजे शेवटी कार्बन. घ्या, घाला, मजा करा."

"म्हणजे हिऱ्यामुळं घरात कुणाचा हातबित मोडत नाही?"

"हिऱ्यानं कशाला हात मोडेल मॅडम?" तो सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाला. "पाय घसरला तर मोडेल."

लोक हसले. आतल्या गादीवरची म्हातारी हसली नाही. तिनं मान वर करून माझ्याकडं नीट पाहिलं.

तेवढ्यात माझ्या मागं ताई उठली. ठरलं होतं त्यात हे नव्हतं. मला वाटलं, निघून चालली. पण ती स्कार्फ सोडत गादीपाशी गेली. म्हातारीच्या उजव्या हातात, मधल्या बोटात, थेंबाच्या आकाराचा हिरा होता. टोकाजवळ काळा ठिपका. डागी म्हणून विकला गेला नसेल.

"काकू," ताईनं अगदी मायेनं विचारलं, "हात बरा झाला का? हाच ना मोडला होता, हा हिरा माझ्या उशाशी होता तेव्हा?"

म्हातारीनं हात पदराखाली घेतला. शेजारच्या बाई म्हणाल्या, "कुठला हिरा? काय झालं होतं ओ?" आणि ताईनं त्यांना सांगितलं. वर्गात शिकवावं तसं, सावकाश, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात. तो काउंटरवर अंगठ्या उचलून पेटीत ठेवत होता आणि त्याला एकही खाच सापडत नव्हती. आई त्याला म्हणाली, "तू तरी बोल की काहीतरी." तो काय बोलणार? जे बोलायचं ते आधीच बोलून बसला होता.

बाई मुलीचा हात धरून उठल्या. आम्हीही उठलो. निघताना मी काउंटरवरचं दुकानाचं कार्ड घेतलं.

रस्त्यावर नवरा म्हणाला, "घ्यायचं काहीच नव्हतं तर एवढं बघितलं कशाला?"

"ऐकायचं होतं."

वडिलांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, भर दुकानात असं करायला नको होतं. मी म्हटलं, मी कुणाचं नाव घेतलं नाही. मला अजूनही वाटतं, जे आपण केलं ते कमीच केलं.

अंगठी नांदेडला घेतली. आकार ताईनं निवडला, थेंबाचाच, छोटासा, बिनडागाचा. कोंदण मी निवडलं. बंद, कारण नख्या कागदाला अडकतात, आणि मला अजून बरीच पत्रकं घडी घालायची आहेत. साखरपुड्यापर्यंत हिरा ताईच्या उशाशी ठेवायचा, असं मी जाहीर केलं. आत्या सगळ्यांना फोन करून खुशाली विचारत राहिली. कुणी घसरलं नाही.

साखरपुड्याला ताई आतून अंगठीचं ताट घेऊन आली. आत्या पाटावरून अर्धी उठली. "अगं, ते ताट..."

ताईनं ताट एका हातावर तोललं, दुसऱ्या हातानं आपला मोबाइल तिच्यापुढं धरला. "आत्या, तुम्ही फोटो काढा."

काढला तिनं. आमची दोघांची डोकी कापली गेली. पण ताई पूर्ण आलीय, ताटासकट. तो फोटो मी कार्डावरच्या नंबरवर पाठवला. खाली लिहिलं, 'हिरा लाभला.' दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या.