टाकीकडं निघालेला पिंपळ

आज अकोल्यात आमच्या गेटपुढची फुगलेली फरशी मिस्त्रीनं उचलली, तर खाली पिंपळाचं मनगटाएवढं मूळ. सरळ जमिनीतल्या पाण्याच्या टाकीकडं निघालं.

चूक माहीच. चार वर्सामागं बुद्धपौर्णिमेले रोप मीच नळाजवळ लावलं, भांड्याचं पाणी आयतं भेटीन म्हणून.

मिस्त्री म्हणे, "काकू, आताच काढा, नाही तं टाकी फुटीन."

सासूबाई म्हणे, "बोधिवृक्षाले हात लावशीन तं मी जेवत नाही."

मी म्हटलं, "मंग तुमीच सांगा त्या मुळाले, तिकडं जाऊ नको म्हणून."

झाड विहाराच्या मैदानात हलवलं तं जगीन का, मिस्त्रीले मालूम नाही. उद्या तो कुदळ घेऊन येते.

कोणाचा हलवलेला पिंपळ जगला का? भांड्याचं पाणी आजही मी त्यालेच टाकलं.