मुरुमच्या नदीत बैल उतरतो का?

लातूरहून निघाले होते नळदुर्गचा किल्ला बघायला. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, मग माझ्यासारखीचा पाय घरात कशाला टिकतोय? पण उमरग्याला शेजारी निवृत्तीआप्पा येऊन बसले. मांडीवर घुंगरमाळा, गोंडे, शिंगांचा रंग. दुसऱ्या दिवशी पोळा होता.

"आज खांदेमळणी. बैल नदीवर न्हेनार," आप्पा म्हणाले.

मागच्या सीटवरचा एक मिशीवाला लगेच बोलला, "गटारात धुताव व्हय बैलं?"

"सिद्धू म्हंतोय पानी साफ झालंय. बैल उतरला तर म्या बी उतरंन. जनावर खोटं बोलत न्हाय."

किल्ला कुठं पळून जातोय? आप्पांबरोबर मीही मुरुमला उतरले. स्टँडसमोर चुरमुऱ्यांचा सुशीला आणि भजी जरूर खा, स्वस्त आणि पोटभर. चहा मात्र लई गोड.

सिद्धू म्हणजे सिद्धार्थ, गावाच्या सांडपाणी प्रकल्पावर कामाला. मला हौसेनं सगळं फिरवून दाखवलं. सुरुवातीच्या जाळीपाशी नाकाला रुमाल लागतोच. शांपूच्या पुड्या, गुटख्याची पाकिटं, एकदा म्हणे आख्खी उशी अडकली होती. पुढच्या हौदात खालून हवा सोडतात, पाणी उकळल्यासारखं खळखळतं. त्या हवेवर जिवाणू वाढतात आणि घाण खातात, मग गाळ खाली बसतो. शेवटी निवळ पाणी नदीत.

"प्यायचं न्हाय बरं का ताई. पण बैल धुवायला झकास."

गावाची गटारं नदीत यायला लागली तेव्हापासून इथले बैल बोअरच्या पाइपाखाली न्हायचे. सिद्धार्थ उन्हाळ्यापासून दारोदार सांगत होता, पोळ्याला नदीवर या. लोक हसायचे.

"लाइट बिल बघून मशीन बंद करा म्हणणारे लई हायत," तो म्हणाला. "आज आप्पा माघारी फिरले तर सगळी गल्ली फिरंल. मग बंद करा म्हणणाऱ्यांचंच खरं."

दुपारी अर्धी गल्ली बैल धरून काठावर उभी. आप्पांचा सर्जा पाण्यापर्यंत आला आणि थांबला. फुरफुरला. कान टवकारले, मागं सरला.

"बघा, बैलाला कळलं!" एसटीतला मिशीवाला ओरडला. काठावर हशा पिकला.

सिद्धार्थचं तोंड उतरलं. ओंजळीत पाणी घेऊन हुंगत म्हणाला, "कायच वास न्हाय ओ आप्पा."

आप्पांनी नदीतलंच पाणी बादलीत घेऊन सर्जाच्या पाठीवर ओतलं. बैल निवांत उभा. उलट मान पुढं केली.

"पान्याला न्हाय भ्यालेला, नदीला भ्यालाय," आप्पा म्हणाले. "वासरू हुता तवापासनं पाइपाखाली न्हातोय. एवढं हलतं पानी त्यानं बघितलंय कुठं?"

"मग आता?"

"तुजं पानी हाय न्हवं? हो म्होरं."

सिद्धार्थ ड्युटीच्या प्यांटीसकट कमरेइतक्या पाण्यात शिरला. कासरा धरून "ये रं राजा, ये" करत राहिला. सर्जानं एक खूर टाकला. काढला. परत टाकला. आणि मग धबाक्कन आतच! आप्पांनी धोतर खोचलं. "बोललो हुतो, आता उतरावं लागतंय." मागोमाग बाकीचे बैल. मिशीवाला सगळ्यात घाईला, "आप्पा, सरका की जरा!"

खरी पंचाईत पुढं झाली. सर्जा बाहेरच येईना. तिघांनी ओढला.

संध्याकाळी आप्पांनी त्याच्या खांद्याला हळद-लोणी चोळलं आणि कानात सांगितलं, "आज आवतन, उद्या जेवायला या." मग आमच्याकडं वळून, "तुमी दोगं बी."

पोळा जेवून लातूरला परतले. फोटो सगळे हललेत, कारण मीही पाण्यात होते. गेलात तर तळाच्या शेवाळावर पाय जपून टाका.

घरी भांडी घासताना आईला विचारलं, "आपल्या मोरीचं पाणी जातं कुठं?"

"गटारात."

"अन् गटार?"

आईनं पप्पांकडं बघितलं. पप्पांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

सकाळी चप्पल घातली आणि गटाराच्या कडेकडेनं चालायला लागले. कुठल्या तरी नदीला ते भेटतंच.