रेड वाइन आणि काळा मसाला

लातूरच्या आमच्या नेहमीच्या परमिट रूममधला तो वेटर गळ्यात इष्टलिंग बाळगायचा. दारू, मटण दोन्ही त्याला वर्ज्य. तरी कुठल्या वाइनसोबत काय खावं, हे त्यालाच विचारावं. गिऱ्हाइकांची तोंडं बघून बघून तो शिकला होता. रेड वाइनसोबत काळ्या मसाल्याचं मटण मागितलं की मान हलवायचा. “न्हाई सायेब, लई आग पडंल. भाजलेलं पनीर घ्या.”

दुष्काळाच्या साली मी हट्टानं मटणच मागवलं. चौथ्या घासाला वाइननं तिखट असं भडकवलं की डोळ्यांत पाणी आलं. हॉटेलात मात्र थेंब नव्हता. टँकर आलाच नव्हता. त्यानं स्वतःसाठी घरून आणलेली पाण्याची बाटली माझ्यापुढं ठेवली. मी ती एका दमात संपवली.

कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत त्यानं विचारलं, “आता पनीर आणू का?”