चार रश्मी

वेल्ह्याच्या बाजारात माझं रंगाचं दुकान आहे. लोक हौसेनं गुलाबी रंग नेतात, भिंतीवर दोन हात मारले की बायको नाक मुरडते, आणि उरलेला डबा परत माझ्या डोक्यावर येऊन बसतो. असे डबे मी मागच्या खोलीत रचून ठेवायचो आणि ते न्यायला प्रशिक यायचा. पोपटी, राणी, जांभळा, हळदी. अख्ख्या तालुक्यानं नाकारलेला रंग याला हवा असायचा.

प्रशिक हा नानांचा मुलगा. नाना ग्रामपंचायतीत शिपाई होते. त्यांच्या घरात बुद्धाची मूर्ती, भिंतभर पुस्तकं, आणि नवस, उतारा, अंगारा यांना मज्जाव. मांजर आडवं गेलं तर नाना म्हणत, "त्याला बी कुठंतरी जायाचं आसतंय." अशा घरात पोरगा वाढला.

भोरला गेनू पेंटरच्या हाताखाली तो पाट्या रंगवायला शिकला. हात तयार झाला तेवढ्यात फ्लेक्स आले आणि तो धंदा बसला. गेनूनं भाजीची गाडी लावली. प्रशिकला कुणीतरी मोबाईलवर परदेशातल्या चित्रकारांची चित्रं दाखवली. कुणी नुसते डबे काढलेले, कुणी एकच चेहरा चार रंगांत चार वेळा. हा मला म्हणाला, "डबे आन् पुड्या तर आपल्याकडं बी लई हायेत की, दादा." मग गिरणीच्या भिंतीवर माणसाएवढी चहाची पुडी आली, सोसायटीच्या भिंतीवर युरियाचं पोतं. लोक हसले. मीही हसलो आणि त्याला येडा म्हणालो.

नंतर माणसं आली. "पुडीवर नटी चालती, मंग आपली बाळाबाई का न्हाई?" असं त्याचं म्हणणं. बाळाबाई गडाच्या पायथ्याला पालीत ट्रेकवाल्यांना पिठलं-भाकरी करून घालायची. तिच्याच घराच्या भिंतीवर त्यानं तिला काढलं. गाल राणी रंगाचे, केस निळे, पदर हळदी. मागं सगळीकडं गोल ठिपके. चपलेचं रबर गोल कापून त्याचे ठसे मारायचा. खाली पुडीवर असतं तसं लिहिलेलं: बाळाबाई, निव्वळ वजन ४१ किलो, थंड व कोरड्या जागी ठेवावी. म्हातारी इतकी हसली की तिला खाली बसवावं लागलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट दाखवून सांगायची, "ह्यी मीच."

पाचव्या आठवड्यात ती झोपेतच गेली. ऐंशी वर्षांची होती, कुणाच्या मनात काही आलं नाही. चार महिन्यांनी कुंडलिक गेला. हा जीपवाला. प्रशिकनं त्याला स्टँडच्या भिंतीवर पोपटी मिशा लावून काढलं होतं, आणि घाटात धुक्यात त्याची जीप खाली गेली.

आमच्याकडं माणसाचा चेहरा भिंतीवर चढतो तो माणूस गेल्यावर. आधी मयत, मग फोटो, मग हार. यानं क्रम उलटा केला, असं लोक बोलू लागले. याचा हातगुण वाईट. बाजारातल्या रखमाजीनं स्वतः मागं लागून आपलं चित्र काढून घेतलं होतं. तो कुंडलिक गेल्याच्या दुसऱ्या दिवशी चुन्याची बादली घेऊन आला आणि प्रशिक समोर चहा पीत असताना भिंतीवरच्या स्वतःच्या तोंडाला चुना फासून गेला. शाळेनं ठरलेली भिंत रद्द केली. मी असलं काही मानत नाही असं सगळ्यांना सांगायचो, पण दुकानदाराचं न मानणं गिऱ्हाईक बघून असतं. तुमचं चित्र काढू का, असं त्यानं मला विचारलं तेव्हा मी घाईचं काम काढून आत गेलो होतो.

त्याची बायको रश्मी. हिर्डोशीची, अंगणवाडीत मदतनीस. बारीक चणीची, बोलायला फटकळ. ती एक दिवस त्याला घेऊन माझ्या दुकानात आली.

"दादा, तुमची मागली भिंत द्या."

"कशाला?"

"माझं चित्र काढायचंय. चार येळा. एकदा काढून लोकांचं भागायचं न्हाई."

प्रशिक म्हणाला, "नको म्हनलं ना तुला."

"का? तुमाला बी भ्या वाटतंय व्हय?" ती म्हणाली. "तुमचा हात मला ठावा हाय. आता समद्यांनी बघू द्या. मी हितनं रोज जाणार, रोज येणार. मला काय व्हत न्हाई."

इतके दिवस मान खाली घालून फिरणारा तो आता मान वर करून तिच्याकडं बघत होता. मी भिंत दिली.

ती सहा दिवस स्टुलावर बसली आणि त्यानं चार रश्मी काढल्या. पहिली राणी, दुसरी पोपटी, तिसरी जांभळी. चौथीला मात्र त्यानं तिचाच सावळा रंग दिला, तो मिळेपर्यंत माझे सात डबे एकमेकांत कालवले. चारही चेहऱ्यांवर तोच भाव, कुणाशी तरी भांडून नुकतीच जिंकल्यासारखा. इतकं चांगलं काम त्याच्या हातून आधी झालं नव्हतं.

रश्मी रोज त्या भिंतीखालून अंगणवाडीत जायची. बाजारातली माणसं डोळ्यांनी तिची तब्येत मोजायची, आणि ती मुद्दाम जोरात बोलत जायची. दीड वर्ष गेलं. तिला साधं पडसं झालं नाही. लोकांची तोंडं आपोआप बंद झाली. शाळेनं भिंत परत दिली, पालीच्या रस्त्यावरच्या हॉटेलवाल्यानं बोलावलं. कुणी माफी मागितली नाही. आपल्याकडं माणसं चूक कबूल करत नाहीत, विसरून जातात.

मग ती दमायला लागली. अंगावर निळे डाग उठू लागले. पुण्याला नेलं तर रक्ताचा कॅन्सर निघाला.

मी तिला भेटायला हॉस्पिटलात गेलो होतो. डोक्यावर केस नव्हते, तरी जीभ शाबूत होती. सारिका नावाच्या नर्सला मोबाईलवर ती चार चेहरे दाखवत होती. मला म्हणाली, "सुटले की आदी तुमच्या भिंतीम्होरं हुबी ऱ्हाणार, दादा. मंग घरी."

इकडं तिची आई जाईबाई हिर्डोशीहून येऊन माझ्या पायरीवर बसायची. प्रशिक दिसला की एकच बोलायची, "जावई, तेवढं पुसा. माझी येकुलती येक हाय." नाना त्याला बजावत, "पुसू नगं. पोरीनं दीड वरीस तुझी बाजू धरलीया." दोन महिने तो हलला नाही. बाजारात जुनं बोलणं पुन्हा सुरू झालं होतं, तेही त्यानं ऐकून घेतलं.

एका सोमवारी तो सकाळच्या एसटीनं पुण्याहून आला आणि थेट दुकानात शिरला. "घासायचा पत्रा द्या, दादा."

"तू मानतोस हे?"

"न्हाई मानत." तो खाली बघत म्हणाला. "डॉक्टर म्हनले, आता आमच्या हातात काय न्हाई. मंग माझ्या हातात काय हाय? येवढंच ऱ्हायलंय."

मी त्याला हाताला धरून घरी पाठवायला हवं होतं. मी पत्रा दिला, पांढऱ्या रंगाची नवी बादली फोडून दिली, आणि वर शिडीही धरली. खरं सांगायचं तर मनातून मलाही वाटत होतं, पुसलेलं बरं. ऑइलपेंट होता, सहजासहजी निघेना. दोन दिवस आम्ही घासत होतो. पांढरा मारला की खालची राणी वर यायची, तीन हात द्यावे लागले. सावळी त्यानं शेवटी ठेवली होती. तिच्याखाली तो बराच वेळ बसून राहिला. मग उठून तीही घासली.

काही फरक पडला नाही. तीन आठवड्यांनी तिला घरी सोडलं, त्याचा अर्थ सगळ्यांना कळत होता. तिलाही. जीप बाजारात आली तशी ती म्हणाली, थांबवा. प्रशिक म्हणाला, आधी घरी जाऊ, उद्या येऊ. तिनं ऐकलं नाही. जीपचं दार धरून ती उतरली आणि दुकानाच्या मागं आली.

पांढऱ्या भिंतीकडं ती बघत राहिली. मला वाटलं आता ती भांडेल. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

"कुणी पुसलं?" तिनं विचारलं.

जाईबाई रडत म्हणाली, "म्या सांगितलं, बाई. मी मागं लागले त्येंच्या."

"तुला न्हाई इचारलं, आई."

"म्या," प्रशिक म्हणाला.

तिनं पांढऱ्या भिंतीवर हात टेकला. मग अगदी हळू म्हणाली, "समदं गाव म्हनत व्हतं तवा मी हुबी ऱ्हायले. तुमी न्हाई ऱ्हायलात."

"उद्याच काढतो. परत काढतो, रश्मी. चारच्या चार."

"आता नगा काढू," ती म्हणाली. "आता काढलं तर त्ये मेलेल्या मान्साचंच व्हईल."

त्यानं तिला धरून जीपमध्ये बसवलं. मी तिथंच होतो. शिडी मी धरली होती हे सांगायची मला हिंमत झाली नाही.

नवव्या दिवशी ती गेली. पुण्यानुमोदनाला, म्हणजे तिच्या स्मरणाच्या कार्यक्रमाला, पाहुण्यांनी फ्लेक्स करून आणला, त्यावर मोबाईलमधला तिचा फोटो. प्रशिक त्याच्याकडं पाठ करून बसला होता.

आता तो टेम्पोवर नंबर रंगवतो, दुकानांच्या शटरवर नावं लिहितो. चेहरा काढत नाही. परवा रंग न्यायला आला. मी सगळे देतात तोच सल्ला दिला, मनाला लावून घेऊ नकोस, ती आजारानं गेली, तुझ्या पुसण्यानं नाही.

"त्ये ठावं हाय मला," तो म्हणाला. "काढल्यानं मेली न्हाई, पुसल्यानं जगली न्हाई. पर जाताना तिचा माझ्यावर इस्वास न्हवता, दादा. त्यो म्या घालवला."

त्यानं काळ्या रंगाचा डबा उचलला आणि तो स्टँडकडं गेला. तिथं एका टेम्पोचा नंबर रंगवायचा होता.