जाहिरातीतला डॉक्टर

गदगच्या नाटक कंपनीत फकीरप्पा तीस वर्षं खलनायक होता. कंपनी बंद पडल्यावर त्याने साखरेच्या आजारावरच्या एका चूर्णाच्या जाहिरातीत डॉक्टरचं काम केलं. ती मोबाइलवर बघून त्याच्या थोरल्या बहिणीने, गंगव्वाने, मधुमेहाच्या गोळ्या सोडल्या. पायाची जखम चिघळली.

"अक्का, तो डॉक्टर मीच. वाक्यं त्यांनी लिहून दिली होती."

"माहीत आहे. घरी बडबडतोस, तिथं शहाण्यासारखा बोललास."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, तरी ती ऐकेना. शेवटी थकून तो खुर्चीत ताठ बसला आणि जाहिरातीतल्या आवाजात म्हणाला, "अम्मा, गोळी सोडायची नाही."

गंगव्वाने मुकाट्याने गोळी गिळली. मग पदर सावरून धाकट्या भावाला विचारलं, "डॉक्टर, गुडघ्याला काय लावू?"